तिच्या रक्तात निघालं ते

६ फेब्रुवारी

डोकं फुटायची वेळ आलीय. घण खाली ठेवून दोन तास झाले तरी हातात घणच आहे असं वाटतं.

दुपारी भट्टीतून चुना ओढायची पाळी माझी होती. वरून दगड आणि कोळसा टाकायचा, खालच्या तोंडातून जळून पांढरा झालेला दगड लांब आकडीने ओढून काढायचा. अंगभर तेल चोपडलेलं. घामाला चुना लागला की कातडी सोलते. तशात बायकोचा फोन. मी पाळीवर असताना ती कधी करत नाही. मला वाटलं पोटाचं काही झालं. चौथा महिना आहे तिला.

म्हणाली, "दवाखान्यात रक्त तपासलं. काहीतरी निघालंय."

"काय निघालंय?"

"फोटो काढून पाठवते कागदाचा. उद्यापासून सुया घ्यायच्यात. आणि तुम्हालाही तपासून घ्यायला सांगितलंय."

"मला कशाला?"

मग हळूच म्हणाली, "असल्या आजारात नवऱ्यालाही तपासतात."

असल्या म्हणजे कसल्या? एवढंच विचारलं तर म्हणे फोनवर नको. मी काय काय बोललो ते लिहीत नाही. आकडी भट्टीच्या भिंतीवर अशी हाणली की दांडा वाकला. मुकादम वरून ओरडला, "भट्टी तुझ्या बापाने बांधली काय रे?"

बापाचं नाव काढलं तरी गप्प बसलो. नाहीतर आज तो भट्टीत गेला असता.

७ फेब्रुवारी

फोटो आला. सगळं इंग्रजी. मी सातवीपर्यंत शिकलो, अक्षरं लागतात पण अर्थ लागत नाही.

माझ्या शेजारच्या खाटेवर कंपाउंडर असतो. तो कंपाउंडर नाही. माझ्यासारखाच दगड फोडतो. पण पूर्वी दोन वर्षं कुठल्याशा दवाखान्यात झाडू मारायचा, म्हणून आम्हा आठ जणांना गोळ्या आणि अक्कल तोच वाटतो. त्याने फोटो दोन बोटांनी मोठा केला, ओठ हलवत वाचला.

"रिअ‍ॅक्टिव्ह लिहिलंय."

"म्हणजे?"

"म्हणजे पॉझिटिव्ह."

"म्हणजे काय ते सांग ना."

"पॉझिटिव्ह म्हणजे एड्स. दुसरं काय असतं? मी असले कागद टोपलीने झाडलेत."

"त्याच्याखाली पण एक ओळ आहे."

"खालचं बारीकसारीक असतं. वरची ओळ बघायची."

फोन परत देताना त्याने तो शर्टाला पुसून दिला. माझा फोन, आणि पुसला त्याने.

दुपारभर हिशेब मांडला. ह्या खेपेला घर सोडून वर्ष होत आलं. मधे ऑक्टोबरात पंधरा दिवस गेलो होतो, तेव्हाच तिला दिवस राहिले. माझ्या अंगाला काही नाही. ताप नाही, जखम नाही, दोन माणसांचा दगड एकटा उचलतो. मग तिला कुठून आलं?

आधीच्या भट्टीवर असताना मी एका बाईकडे गेलो होतो, गेल्या वर्षी जूनमध्ये. एकदा. बरं, तीनदा. इथे खोटं लिहून काय मिळणार. पण ते वेगळं. मला काही झालंच नाही. झालं असतं तर दिसलं असतं. आपलं अंग आपल्याला कळत नाही काय?

म्हणजे घरी कुणीतरी आलं. कोण? गल्लीतला शिंपी? पाण्याचा नळ दुरुस्त करायला येतो तो? एकेकाचं तोंड आठवलं, दगडाच्या जागी ठेवलं आणि घण घातला. शिंप्याचं तोंड तीन घावांत फुटलं. मुकादम म्हणाला, आज तुझ्या एकट्याचा ढीग दोघांएवढा आहे. शाबासकी दिली.

८ फेब्रुवारी

तिचे चार फोन. उचलले नाहीत. दगड फोडला.

९ फेब्रुवारी

आज दादाला फोन केला.

दादा माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. बाप गेल्यावर घर त्यानेच ओढलं. आई सुद्धा त्याला विचारल्याशिवाय दुसऱ्या गल्लीत जात नाही. त्याला सांगितलं, तिला एड्स झालाय, कागद आहे माझ्याकडे. कुणाकडे जात होती विचार. सरळ सांगत नसेल तर सरळ कर.

दादा म्हणाला, "तू जिवाला लावून घेऊ नको. मी बघतो."

दादाचं "मी बघतो" मला चांगलं ठाऊक आहे. माझ्या डाव्या कानामागे त्याच्या पट्ट्याच्या बकलाची खूण आहे. नऊ वर्षांचा होतो. तेव्हा पण आधी असंच म्हणाला होता, आईला.

फोन ठेवला आणि बरं वाटलं. लिहायला लाज कसली. बरं वाटलं. ओझं दुसऱ्याच्या खांद्यावर गेलं की वाटतं तसं.

११ फेब्रुवारी

दादाचा फोन. तिने नाव सांगितलं नाही. "मी कुठे गेले नाही" एवढंच धरून बसली. दादा म्हणाला, तोंड घट्ट आहे तुझ्या बायकोचं. उजवा हात मोडला. मोडायचा नव्हता, ती मधे हात घालायला गेली. तिचा फोन त्याने पायरीवर आपटला. कपड्याची पिशवी बाहेर फेकली, तशी चालत मावशीकडे गेली. तिची मावशी दोन स्टेशनं पुढे राहते.

"पोटाला काही लागलं?" मी विचारलं.

"तुला त्या पोटाचं काय पडलंय आता?"

खरंच. मला काय पडलंय?

जेवलो नाही. चुन्याची धूळ पोटात गेली असणार.

तिने हात मधे घातला. कशाच्या मधे, ते दादाने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

१२ फेब्रुवारी

आज कंपाउंडरचे दोन दात पाडले.

पाळी संपवून आलो तर माझी खाट उचलून दाराशी ठेवलेली. माझं ताट, माझा ग्लास बाहेर विटेवर पालथा. सातही जण माझ्याकडे न बघता जेवतायत. सात जणांनी एकदम न बघणं काय असतं ते आज कळलं.

"हे कुणी केलं?"

कंपाउंडर म्हणाला, "भावा, राग मानू नको. तू ऑक्टोबरात घरी जाऊन आलास. आपण एकाच मडक्यातलं पाणी पितो. आम्हालाही बायकापोरं आहेत."

"मला काही झालेलं नाही."

"तसं तुझ्या बायकोला पण दिसत नव्हतं."

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. त्या हसण्याने कंपाउंडरला चेव आला. म्हणाला, "इथे आपण सगळेच चुना काढतो. पण ह्याला मात्र बायकोनेच लावला."

ताट माझ्या हातात होतं. त्याची कड तोंडावर बसली. तो खाटेवरून मागे पडला, मी छातीवर बसलो, आणि मग किती मारलं ते आठवत नाही. कुणाला मारत होतो ते पण नीट आठवत नाही. कधी शिंपी दिसत होता, कधी दादा. मुकादमाने मागून कमरेला मिठी घालून ओढलं तेव्हा हातावर रक्त होतं. 

मुकादमाने सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "उद्या तपासून ये. कागदाशिवाय भट्टीवर पाय ठेवायचा नाही. आणि ह्या शहाण्याला पण घेऊन जा, दात दाखवायला. दोघं बरोबरच जा. वाटेत एकमेकांचा जीव घेतलात तर माझी कटकट मिटेल."

१४ फेब्रुवारी

काल लिहिता आलं नाही. संध्याकाळी थंडी वाजून ताप भरला. येणार म्हणून दवाखान्यात आधीच सांगितलं होतं. आता उतरलाय. पहिल्यापासून लिहितो, नाहीतर परत डोक्यात कालवाकालव होईल.

दवाखान्यात एकाच बाकावर बसलो. कंपाउंडरच्या तोंडाला फडकं. अख्ख्या रस्त्यात एक शब्द नाही. फडक्यातूनच म्हणाला, "कुणी विचारलं तर सांग, दगड लागला." मी म्हटलं बरं.

मला आतल्या खोलीत पाठवलं. पडदा, टेबल, दोन खुर्च्या. चष्मेवाल्या बाई, माझ्या आईच्या वयाच्या. त्यांचं कामच हे, तपासायच्या आधी माणसाशी बोलायचं. मी फोनमधला कागद दाखवला आणि म्हटलं, बायकोला एड्स आहे, मला नाही, तसं लिहून द्या.

त्यांनी कागद वाचला. दोनदा वाचला. मग विचारलं, "एड्स आहे असं कुणी सांगितलं?"

"वर लिहिलंय ना. रिअ‍ॅक्टिव्ह."

"वरची ओळ सिफिलिसच्या तपासणीची आहे. एचआयव्हीची ओळ त्याच्याखाली. ती वाच."

मला कुठलं वाचता येतंय. त्यांनीच वाचली. नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह. म्हणजे नाही. तिला एचआयव्ही नाहीच. कंपाउंडरने ज्या ओळीला बारीकसारीक म्हणून सोडून दिलं, तीच ती.

मी म्हटलं, "पण आजार घाणेरडाच ना? गुप्तरोगच ना?"

बाई म्हणाल्या, "गुप्तरोग हे एका आजाराचं नाव नाही. तो खोका आहे. लोकांना लाज वाटते म्हणून सगळं त्यात कोंबून झाकण लावतात. आत दहा वेगवेगळ्या गोष्टी असतात. काही तर संबंधातून येतही नाहीत. मांडीला नायटा आला, बाईला खाज आली, तरी लोक म्हणतात गुप्तरोग. पॉझिटिव्ह म्हणजे एवढंच, की जे शोधत होतो ते सापडलं. काय शोधत होतो ते आधी विचारायचं असतं. आणि एचआयव्ही हा विषाणू. औषधच घेतलं नाही तर वर्षानुवर्षांनी शरीर पोखरून जी अवस्था येते ती एड्स. वेळेवर औषध घेणारा माणूस म्हातारा होतो, नातवंडं खेळवतो. ताटाने, ग्लासाने, खाटेने ह्यातलं काहीही लागत नाही."

"आणि सिफिलिस?"

"तो पेनिसिलिनच्या सुईने मरतो. पण नवरा-बायको दोघांनीही घ्यावी लागते. नाहीतर एकाचा दुसऱ्याला परत." मग पेन खाली ठेवून त्यांनी विचारलं, "तुला कधी जखम झाली होती का? तिथे?"

"नाही."

"आठव."

"चुन्याचं भाजतं अधूनमधून. सगळ्यांनाच भाजतं आमच्यात. गेल्या जुलैत एक झालं होतं तिथे. घामाने चुना खाली उतरतो. तेल लावलं, पंधरा-वीस दिवसांत आपोआप गेलं."

"चुन्याचं भाजलेलं दुखतं का?"

मला हसूच आलं. म्हटलं, "बाई, तुम्ही चुना बघितला नाही. नखाएवढा डाग पडला तरी माणूस नाचतो. लघवीला जाताना आई आठवते."

"आणि जुलैतलं ते दुखलं होतं?"



नव्हतं दुखलं. एक दिवसही नाही. बटणाएवढी गोल जखम, कडा टणक, आणि दुखणं शून्य. मी चार वर्षं चुन्यात आहे. न दुखणारा चुना मी अजून बघितलेला नाही. तरी मी त्याला चुनाच म्हणालो. कारण आमच्या खोलीत प्रत्येकाच्या अंगावर काही ना काही असतंच, आणि कुणी कुणाला विचारत नाही. सगळ्याचं उत्तर एकच, चुना.

"त्यानंतर हाताच्या, पायाच्या तळव्यांवर पुरळ?"

आलं होतं. सप्टेंबरात. खाजत नव्हतं. ते पण चुन्याच्याच खात्यात टाकलं होतं.

"मग गेलं ना ते?" मी विचारलं. आवाज माझा मलाच अनोळखी. "जखम भरली म्हणजे आजार गेला ना?"

"जखम जाते. आजार आत उतरतो. बाहेर काही दिसत नाही, माणूस दगड फोडतो, घरी जातो, बायकोजवळ झोपतो. तू घरी कधी गेला होतास?"

"ऑक्टोबर."

बाईंनी ते लिहून घेतलं. 

बोट टोचलं. वीस मिनिटं. माझीही वरची ओळ रिअ‍ॅक्टिव्ह, खालची नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह. म्हणाल्या, एचआयव्हीचं तीन महिन्यांनी परत बघू, खात्रीसाठी.

दोन सुया, दोन्ही कुल्ल्यांवर एकेक. घट्ट औषध, आत जाताना शिसं ओतल्यासारखं. बरं वाटलं दुखलं ते. अजून दहा वेळा टोचा म्हणावंसं वाटलं.

सुई घेतल्यावर मी त्यांना दादाचं सांगितलं. हात मोडल्याचं सांगितलं. बाईंनी चष्मा काढला. म्हणाल्या, "अरे, अर्धी ओळ ऐकून घण उचललास?" मग लगेच विचारलं, "तिची पहिली सुई कधी झाली?"

"सात तारखेला असणार."

"म्हणजे दुसरी उद्या. तिला आठवड्याला एक अशा तीन सांगितल्या असणार. गरोदर बाईची सुई चुकली तर परत पहिल्यापासून धरतात. वेळेवर घेतल्या तर बाळ चांगलं होण्याची भरपूर आशा. नाही घेतल्या तर पोटातच दगावू शकतं. आत्ता फोन लाव."

लावला. बंद. दादाने पायरीवर आपटलेला फोन कसा लागणार! मावशीचा नंबर माझ्याकडे नाही. लग्नाला दोन वर्षं झाली, कधी लागलाच नव्हता.

दारात आलो. कंपाउंडरने फडकं बाजूला करून विचारलं, "काय निघालं?"

भिंतीवर डोकं आपटलं. एकदा, दोनदा, तीनदा. तिसऱ्यांदा त्याने मधे हात घातला. त्याच्या तळव्यावर आपटलं माझं कपाळ. ज्याचे दात मी पाडले, त्याने.

१५ फेब्रुवारी

दादाला फोन केला आणि खोटं बोललो.

खरं जिभेवर होतं. पण तिकडून त्याचा "बोल" ऐकला आणि मी नऊ वर्षांचा झालो. म्हटलं, "दादा, रिपोर्ट चुकला होता म्हणे. दुसऱ्याच कुणाचा होता. तिला दवाखान्यात नेऊन सोड, तिची सुई कालच होती."

"रिपोर्ट चुकला, तर मग सुई कशाची?"

मी म्हटलं, "ताकदीची असेल."

"मावशीकडून फोन आला वाटतं तुला तिचा. रडली असेल. तू विरघळला असशील. तू तिकडे लांब आहेस, तुला काय कळतंय? तो कोण ते नाव मला हवंय. पुढच्या रविवारी मला सुट्टी आहे. मावशीच्या घरी जातो आणि काढून घेतो तिच्या तोंडातून. ह्या वेळी हातावर भागणार नाही."

"दादा, नको जाऊ."

"घराची अब्रू गेलीय. तुझ्या एकट्याची बायको आहे काय ती?"

आग मी लावली. आता ती माझ्या फुंकरीने विझत नाही.

१६ फेब्रुवारी

तिचा फोन आला. मावशीच्या फोनवरून. मी "माफ" एवढाच शब्द काढला तर म्हणाली, "थांबा. आधी मी बोलते."

दुसरी सुई झाली. मावशी परवा तिला घेऊन गेली, तिचा हात प्लास्टरमध्ये असताना. पोटाला लागलेलं नाही. पट्टा पोटावर येत होता म्हणूनच हात मधे घातला होता तिने.



म्हणाली, "मला पहिल्याच दिवशी नर्सने विचारलं होतं, नवरा बाहेर असतो का. मला तिथेच कळलं कुठून आलं ते. मी कुणाला बोलले नाही. सासूबाईंना म्हटलं रक्त कमी आहे, त्याच्या सुया आहेत. तुमची लाज झाकत बसले मी. आणि तुम्ही काय केलंत? मला फोन नाही केलात. भाऊजींना केलात."

म्हटलं, "मी खरंच माफी मागतो."

"मला कशाला सांगता? मला माहीतच आहे. त्या घरात जा. त्यांच्यासमोर उभं राहा आणि सांगा. मी मार खाताना एवढंच म्हणत होते की मी कुठे गेले नाही. कुठे कोण गेलं ते तुम्ही सांगा."

"दादा रविवारी तिकडे येणार म्हणतोय."

"माहीत आहे. मावशी म्हणते दाराला आतून पहार लावू. म्हातारी आहे ती, पहार तिच्याने उचलत नाही."

मग म्हणाली, बाळ हलतंय असं वाटतं कधीकधी. एवढं लवकर हलतं का, तिला माहीत नाही. मला पण माहीत नाही.

१७ फेब्रुवारी

मुकादमाला कागद दाखवला. त्याने उलटा धरला, सुलटा धरला. "चालेल," म्हणाला. घरी जायचं म्हटलं तर शिव्या घातल्या आणि सोडलं.

खाट परत जागेवर आलीय. कंपाउंडरनेच ओढून आणली. आता त्याच्या दातांतून हवा जाते, बोलताना शिट्टी वाजते. सगळ्यांसमोर मला विचारतो कसा, "तुझं ते बटणाएवढं, दुखत नव्हतं म्हणालास ना?"

"नव्हतं."

"अजिबात?"

"का? तुलाही आहे?"

"मला नाही रे. माझ्या एका मित्राला."

खोलीत सात जण. सातही जण आपापल्या हाताचे तळवे बघायला लागले. मग एक म्हणाला, त्या दवाखान्याची वेळ काय आहे? दुसरा म्हणाला, पडदा आहे ना खोलीला? माझ्या पोटातून हसू आलं आणि निम्म्यात रडूच झालं. कंपाउंडर म्हणाला, "रड. पण ह्या वेळी ताट खाली ठेवून रड."

उद्या पाच जण जाणार आहेत. कंपाउंडर पुढे. त्याला दवाखान्याची माहिती आहे म्हणे!

१९ फेब्रुवारी

गाडीत. उभ्याने. दादासमोर काय बोलायचं ते मनात शंभर वेळा घोकलं. "दादा, आजार माझा. मी बाईकडे गेलो होतो. मी तिला दिला." तीन वाक्यं. त्याहून जास्त बोललो तर जीभ घसरेल.

बोलण्याने भागलं नाही तर म्हणून कागद घेतलाय. माझ्या नावाचा, शिक्का असलेला. प्लास्टिकच्या पिशवीत, छातीशी. त्याच्यापुढे दादाला काही बोलता येणार नाही.

२१ फेब्रुवारी, शनिवार

सांगितलं. दादा, आई, दोघांसमोर. तिन्ही वाक्यं. कागद दिला.

दादाने कागद वाचला. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा. म्हणाला, "म्हणजे तिने तुलाही लावलं." आई पदर तोंडाला लावून रडायला लागली, माझा लेक देवमाणूस, तिचं पाप स्वतःवर घेतोय. मी ओरडलो, आधी माझं, जुलैपासूनचं माझं. दादा म्हणाला, पुरुष जातात कधीमधी, त्याने काय होतंय. आणि आत गेला. रविवारची वाट बघत नाही, आत्ताच मावशीकडे जातो म्हणाला.

आतून लोखंड ओढल्याचा आवाज येतोय. बाहेरच्या दाराला कडी घातलीय, पाठ लावून खाली बसलोय. चार वर्षं दगड उचललेली पाठ आहे. वही मांडीवर आहे. पावलं येतायत. वही ठेवतो, दोन्ही हात मोकळे लागतील.